कोणी विचारणार नाही अशी जागा

पोलीस खात्यातून निवृत्त झालेला माणूस भेटला की लोक "एखादी केस सांगा" म्हणतात. त्यांना खून हवा असतो, पाठलाग हवा असतो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आधी मुठेकाठचा एक दगडी कठडा येतो. त्या कठड्यावर बसून मी माणसं बघत काही सकाळी काढल्या. गुन्हा मोठा नव्हता. दिवसाढवळ्या झालेली घरफोडी, एवढंच. पण एका बाईचं पुण्यात राहणं की पुणं सोडणं, हे त्या तपासावर ठरणार होतं.

मी सोलापूर जिल्ह्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेतल्या एका मास्तरांनी मला आपल्या खोलीवर ठेवून घेतलं आणि शिकवलं, म्हणून पदवी झाली आणि पुढे फौजदाराची परीक्षाही निघाली. नदीकाठच्या एका पेठेतल्या ठाण्यात बदली झाली, तेव्हा पुणे बदलू लागलं होतं. मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला जात होती. जुन्या घरांच्या जागी इमारती उठत होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये एक म्हातारं माणूस आणि त्याला सांभाळणारी एक बाई, एवढाच संसार उरला होता.

अशाच एका घरातल्या आजी वारल्या. मुलगा अमेरिकेत इंजिनिअर, मुलगी बिबवेवाडीला. दहाव्याच्या विधीला सगळे नदीवरच्या घाटावर गेले. दार आजींना सांभाळणाऱ्या बाईंनी ओढून घेतलं आणि चावी त्यांच्याचकडे राहिली. घाटावर कावळा पिंडाला शिवेना. आप्तांनी एकेक आश्वासन देऊन पाहिलं. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, तुला सांभाळणाऱ्या मावशींची सोय मी करीन." तेव्हा कावळा शिवला. मंडळी घरी परतली तर कपाट उघडं. आजींच्या पाटल्या, बांगड्या आणि मोहनमाळ गेली होती. दाराला ओरखडासुद्धा नव्हता.

मुलीने फिर्यादीत लिहून दिलं, "चावी फक्त मावशींकडे होती." ज्या भावाने पिंडापुढे शब्द दिला होता, तो शेजारच्या खुर्चीत खाली मान घालून बसला होता.

फिर्यादीत नाव आलं की चौकशी करावीच लागते. ठाण्याची जीप इमारतीखाली उभी राहिली आणि महिला शिपाई बाईंना घेऊन आल्या. दुपार होती. सगळ्या खिडक्या भरलेल्या होत्या.

बाई पन्नाशीच्या, वर्ध्याकडच्या. नवरा गेल्यावर कामासाठी पुण्याला आलेल्या. आमच्या हवालदारांनी जबाब घ्यायला सुरुवात केली.

"घाटावर गेलाच होतात, तर चावी कुणाला दिली?"

"कोणाले नाही जी. कमरेले होती. आताही हाय, पाहा."

"तुम्ही विधीला कशाला गेलात? तुमचा काय संबंध?"

"आम्ही बौद्ध आहो साहेब. आमच्यात हे कावळ्याचं नाही. पण आजी म्हणायच्या, माझ्या दहाव्याले तू ये. म्हणून गेली."

हवालदार जरा मऊ आवाजात म्हणाले, "बाई, त्यांनी तर तुमची सोय करायचा शब्द दिला होता म्हणे. मग असं कसं झालं?"

"ते कावळ्याले सांगितलं जी. मले नाही सांगितलं."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी बाईंच्या खोलीची झडती घेतली. त्यात एक ट्रंक, दोन साड्या आणि बाबासाहेबांचा फोटो निघाला. त्यांना ठाण्यातून जाऊ दिलं, पण संशय काही गेला नाही. कामाला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोने दुसऱ्याच दिवशी त्यांना कळवलं की, प्रकरण मिटेपर्यंत तुम्हाला कोणत्याही घरी पाठवता येणार नाही. त्या येरवड्याला एका ओळखीच्या घरी जाऊन राहिल्या. निघताना मला म्हणाल्या, "लवकर पाहा साहेब. गावाले गेली तर लोक म्हणतील, पळाली."

पहिला धागा मिळाला तो कोर्टाच्या आवारात. नदीपलीकडच्या ठाण्यातला एक फौजदार तारखेसाठी आला होता. चहा घेताना मी त्याला ही हकिकत सांगितली. तो म्हणाला, "आमच्याकडेही अशीच एक झाली. दार शाबूत, माल गायब. तेही लोक कुणाच्या तरी दहाव्यालाच गेले होते. आम्ही पंचनाम्यात नुसतं 'बाहेर गेले असता' लिहिलं."

आता दोन घरं झाली. दोन्हीकडे लोक एकाच घाटावर गेले होते. ही बाई त्या दुसऱ्या घराला ओळखतही नव्हती. वरिष्ठांना सांगितलं तर ते म्हणाले, "योगायोगही असतो. पेपरात निधनाची बातमी देतात, चोर ती वाचतात." पण आजींच्या घरच्यांनी पेपरात काही दिलंच नव्हतं. मी त्यांच्या मुलाला पुन्हा बोलावलं आणि घाटावर कोणाकोणाशी बोलणं झालं ते आठवायला सांगितलं.

"सगळे नातेवाईकच होते," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "एक परके गृहस्थ होते. त्यांचंही कोणीतरी गेलं होतं, मुंडण केलेलं होतं. फार आपुलकीने बोलले. कुठे राहता, कोण कोण आलंय, असं सगळं. घरी दिव्यापाशी कोणाला बसवलंय ना, असंही विचारलं. दिवा एकटा ठेवू नये म्हणाले."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं की कोणी नाही, सगळे इथेच आहोत."

माणूस गेलेल्या जागी दिवा लावतात आणि त्या दिवसांत घर रिकामं ठेवत नाहीत. पूर्वी घरात एखादी आत्या, एखादी चुलती मागे राहायचीच. आता मागे राहायला माणूस उरला नव्हता. दिव्याची काळजी करणाऱ्या त्या गृहस्थाला हे बरोबर ठाऊक होतं.

त्याला शोधायचं तर घाटावर नजर ठेवायला हवी होती. पण बसायचं कुठे? सिनेमातला पोलीस वर्तमानपत्राला भोक पाडून बघतो. आमच्या पेठेत तसं कोणी बसला असता, तर आधी ते वर्तमानपत्र कुणाचं याची चौकशी झाली असती.

साध्या वेशात पहिल्या दिवशी मी पुलावर उभा राहिलो. खडकवासल्यातून पाणी सोडलं की अर्धं पुणं तिथे ओणवं होतं, तेव्हा कोणी कोणाकडे बघत नाही. पण त्या दिवशी नदी आटलेली होती आणि कठड्याला रेललेला मी एकटाच. घाट चांगला दिसत होता, चेहरे दिसत नव्हते. थोड्या वेळाने एक सायकलवाले आजोबा थांबले.

"अहो, लग्न झालंय का?"

"हो."

"मुलंबाळं?"

"आहेत."

"मग घरी जा. पाणी गुडघाभरसुद्धा नाही. नुसता पाय मोडेल."

मी पुलावरून निघालो.

घाटासमोर एक चहाचं दुकान होतं. तिथून चेहरे दिसत होते. मी दोन चहा सावकाश घेतले. मालक पुसलेलं टेबल पुन्हा पुसत म्हणाला, "आपला चहा संपला असेल तर आमची खुर्चीही संपली." मग देवळाबाहेरचा बाक पाहिला. त्यावर एकच पेन्शनर बसले होते. मी बसायला गेलो तर म्हणाले, "जागा भरलेली आहे."

"इथे तर कोणी नाही."

"येतील. रोज येतात. आपण नवीन दिसता."

घाटाजवळच असलेल्या आजींच्या इमारतीच्या फाटकाशी उभा राहिलो, तर साध्या वेशात मला न ओळखून वरून आवाज आला, "कोण पाहिजे?"

"कोणी नाही. उभा आहे."

"उभं राहायचं स्टँड स्वारगेटला आहे."

मला राग आला नाही. उलट, या वस्तीचा पोलिसाला केवढा आधार आहे ते कळलं. इथे अनोळखी माणूस थोडा वेळ जरी थांबला, तरी त्याला कारण द्यावं लागतं. पण मग तो दिव्याची चौकशी करणारा इथे थांबतो कसा? त्याला कोणी का विचारत नाही?

उत्तर घाटावरच होतं. पायऱ्यांच्या कडेला एक दगडी कठडा आहे. विधी चालू असताना नातेवाईक त्यावर बसून राहतात, कुणाची तरी वाट बघत, कावळ्याकडे डोळे लावून. मी तिथे जाऊन बसलो. कोणी हटकलं नाही. कोणी "काय पाहिजे" विचारलं नाही. शेजारच्या माणसाने फक्त हळू आवाजात विचारलं, "कोण?"

मी म्हणालो, "वडील." माझे वडील त्याच्या बऱ्याच आधी गेले होते, तेव्हा मला खोटं बोलावं लागलं नाही. तो माणूस माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "जपा स्वतःला." आणि मग आपण होऊन त्याने आपल्या घरची सगळी माहिती मला सांगितली. कुठे राहतो, भाऊ कुठून आला, घराला कुलूप कसं घातलं. मी काहीच विचारलं नव्हतं. दुःखात माणसाला ऐकणारा हवा असतो आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाला तो आपल्यातलाच समजतो.

लोक बघायला चांगली जागा कोणती, हे मी तिथे शिकलो. जिथून सगळं दिसतं ती जागा उपयोगाची नसते. आपण का बसलोय हे जिथे कोणी विचारत नाही, ती खरी जागा. आणि मी शोधून शोधून शेवटी याच कठड्यावर आलो, तर चोरही इथेच आला असणार. त्या दिवसापासून मी विधी बघायचं सोडलं. कठड्यावर कोण कोण बसतं तेवढंच बघू लागलो.

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा काही वाटलं नाही. तिशीचा माणूस, गुळगुळीत मुंडण, खांद्यावर पांढरं उपरणं. कुणाशी तरी हळू बोलत होता. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दिसला. बसला होता दुसऱ्याच कुटुंबाच्या माणसांजवळ. डोकं तेवढंच गुळगुळीत. दहाव्याला केलेल्या मुंडणावर एव्हाना खुंट यायला हवे होते. घरात लागोपाठ दोन माणसं जातात, तेही मी पाहिलेलं आहे. म्हणून नीट निरखून पाहिलं आणि मग लक्षात आलं, त्याला मिशी होती. चांगली राखलेली, कोरलेली.

आमच्या भागात वडील गेल्यावर मुलगा डोक्याबरोबर मिशीही काढतो. वडील हयात असताना मिशी काढणं अशुभ मानतात. घरचे म्हातारे ते खपवून घेत नाहीत. सगळ्या समाजांत एकच रीत नसते हे मला माहीत होतं. मिशी हा काही पुरावा नव्हे. पण या माणसाचं दुःखाचं सोंग मिशीपाशी येऊन थांबतंय, असं मला वाटलं. आमचे हवालदार माझ्यामागे पायरीवर बसले होते. त्यांना मी जवळ जायला सांगितलं. परत येऊन ते म्हणाले, "साहेब, त्या घरच्यांना दिव्याचं विचारतोय. शब्द न् शब्द तोच."

त्या घरच्यांच्या मागे मात्र एक सून थांबलेली होती. ते ऐकून तो उठून गेला. आम्ही त्याला जाऊ दिलं. बोलण्यावरून कोणाला अटक होत नाही.

मग सापळा लावायचं ठरलं. दुःखी माणूस म्हणून हवालदारांना बसवायचं. मुंडणाची व्यवस्था निसर्गानेच करून ठेवली होती. प्रश्न मिशीचा होता. हवालदारांची मिशी ठाण्यात प्रसिद्ध होती. मी जरा चाचरतच विषय काढला.

"काढतो साहेब," ते म्हणाले. "वडील गेले तेव्हा एकदा काढली होती. आता सरकारसाठी काढू. घरी मात्र तुम्ही सांगा."

घाटावरच्या गुरुजींना विश्वासात घेतलं. ते म्हणाले, "माझ्याकडून खोटा पिंड मांडला जाणार नाही. बसा नुसते. बसणाऱ्याला मी विचारत नाही, एवढं करीन."

हवालदारांच्या मेव्हण्याचा फ्लॅट बिबवेवाडीत होता. आमची दोन माणसं सकाळीच आत जाऊन बसली. हवालदार कठड्यावर उपरणं घेऊन बसले आणि नदीकडे बघत राहिले. मी जरा अंतरावर. तो माणूस आला, फिरला आणि त्यांच्याशेजारी बसला.

"कोण?"

"आई."

"वाईट झालं. कुठं असता?"

हवालदारांनी पत्ता सांगितला, मजला सांगितला.

"घरी दिव्यापाशी बसवलंय ना कोणाला? एकटा ठेवू नये दिवा."

"कोण बसणार हो? मी आणि बायको. आलो दार ओढून."

"चालायचंच," तो म्हणाला आणि सहज उठल्यासारखा उठून पायऱ्यांवर गेला. त्या वेळी मोबाइल नुकते लोकांच्या हातात येऊ लागले होते आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. त्यामुळे निरोपापुरतं दोन शब्द बोलून तोडायची सवय सगळ्यांना लागली होती. त्याने कंबरेचा फोन काढला, एक नंबर लावला, पत्ता आणि मजला एवढंच बोलून बंद केला आणि परत येऊन बसला. मी त्याला लगेच धरलं नाही. बिबवेवाडीहून निरोप यायची वाट पाहिली. त्याचा जोडीदार पत्र्याची पातळ पट्टी लॅचमध्ये सरकवून दार उघडून आत आला आणि आमच्या माणसांच्या हाती लागला. तो नव्या इमारतींमध्ये दारं-खिडक्या बसवायच्या कामावर होता. लॅच कसं सरकतं हे त्याला हातानेच माहीत होतं. निरोप आल्यावर मी उठलो, कठड्यावरच्या त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "चला, ठाण्यात बसू."

दोघांना वेगळं ठेवलं. कठड्यावरचा पक्का होता. काका वारले, म्हणून मुंडण, असं सांगत राहिला. मी आवाज चढवला नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. त्या सांगण्यावरून माल सापडला, तर तो टिकतो. मला मालाशी काम होतं.

"काकांसाठी प्रत्येक आठवड्याला डोकं करता?"

त्याने उपरणं डोक्यावर ओढून घेतलं.

"वडील काय करतात?"

"वारले."

"मग मिशी?"

त्याचा हात वर गेला आणि ओठाशी थांबला. मग खाली बघत म्हणाला, "बाप हाय साहेब. मांजरीच्या पुढं आमचं गाव हाय. आठवड्याला जातो मी. डोक्याचं सांगितलं, उवा झाल्या. मिशी काढून गेलो असतो, तर दारातच इचारलं असतं त्यानं, मी मेलो व्हय रं?"

मी पाणी मागवलं. तो प्यायला. पुढचं सगळं त्याने बसल्या जागी सांगितलं. जोडीदाराच्या खोलीतून आजींचे दागिने पंचांसमक्ष निघाले, फक्त मोहनमाळ तुटलेली होती. नदीपलीकडच्या घरातला मालही तिथेच मिळाला. दोघांनाही पुढे शिक्षा झाली. माझ्या वरिष्ठांनी शाबासकी दिली आणि हवालदारांच्या पत्नीने मला मिशीबद्दल चार शब्द सुनावले.

ओळख पटवण्यासाठी मुलगी आणि त्या बाई, दोघींना ठाण्यात बोलावलं. बाईंनी बांगडी हातात घेऊन आतला झिजलेला भाग दाखवला आणि सही केली. मुलगी म्हणाली, "मावशी, आमचा तरी काय इलाज होता? चावी तुमच्याकडे होती. दादा फोनवर म्हणाला, तुमची सोय तो करणार आहे."

"करू द्या," बाई म्हणाल्या. पण त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. मुलगी गेल्यावर मला म्हणाल्या, "साहेब, एक काम होतं. ज्या गाडीतून मले नेलं, त्याच गाडीतून तिथं नेऊन सोडा. तुम्ही सोबत या. हे साधे कपडे नका घालू."

"तुमची ट्रंक तर येरवड्याला आहे. तिथे कोणाकडे जायचंय?"

"कोणाकडे नाही जी. नुसतं उतरायचं हाय."

मी गणवेश चढवला. संध्याकाळी, लोक कामावरून परतून गॅलरीत आलेले असताना, जीप त्या इमारतीखाली उभी केली. मी उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं. त्या बसून राहिल्या.

"थांबा जी," त्या काचेतून वर बघत म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावरची काकू अजून खिडकीत नाही आली."

आम्ही थांबलो. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता, मी त्याला खुणेने गप्प केलं. तिसऱ्या मजल्यावरचा पडदा सरकला. मग त्या उतरल्या, पदर नीट केला आणि फाटकाशी उभ्या राहिल्या. मी टोपी घालून त्यांना नमस्कार केला. फाटकाजवळ ते गृहस्थ होते, ज्यांनी मला स्वारगेटचा रस्ता दाखवला होता. त्यांनी विचारलं, "काय फौजदार, सापडलं का?"

"सापडलं," मी वरपर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो. "चोर मिळाले, दागिने मिळाले. या बाईंचा काही संबंध नव्हता."

"आम्हाला माहीतच होतं."

"मग तवाच सांगितलं असतं काका," बाई म्हणाल्या, "तर बरं झालं असतं."

गृहस्थांनी फाटकाची कडी उगाच काढून पुन्हा घातली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या आणि इकडचंतिकडचं बोलून म्हणाल्या की, सासूबाईंना सांभाळायला कोणी हवं आहे. बाई म्हणाल्या, "ब्यूरोत विचारा. आता पाठवतील ते मले." आणि येऊन जीपमध्ये बसल्या.

माणूस बघण्याचं आमचं काम आहे, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. माणसाला आणताना लोक बघतात आणि तेवढंच त्यांच्या लक्षात राहतं, हे मला त्या बाईंनी शिकवलं. कागदावर 'संबंध नाही' असं आम्ही लिहितो. तो कागद फाइलमध्ये जातो, गल्लीत जात नाही. पुढे ज्या ज्या ठाण्याचा कारभार माझ्याकडे आला, तिथे मी एक नियम केला. चौकशीला आणलेल्या माणसाचा गुन्ह्याशी संबंध नाही असं ठरलं, तर त्याला अंधार पडल्यावर मागच्या दाराने सोडायचं नाही. रस्त्यावर वर्दळ असताना पुढच्या दाराने सोडायचं, आणि गणवेशातला एक माणूस त्याच्या घरापर्यंत जाईल.

काही सहकारी म्हणायचे, यात पेट्रोल जातं. ते खरं आहे, जातं.